ओ

सहाव्या मजल्यावरच्या भिंतीवर नकाशा आहे.
एकशे चाळीस ठिपके, प्रत्येक ठिपका एक कार्यालय.
हिरवा म्हणजे चालू. तांबडा म्हणजे मला फोन.
पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथेच उभं करते,
लोकांना हिरवा रंग आवडतो.

बुधवारी सही केली.
तीन पानांचा कागद: पूर्व चाडमधलं रेडिओ जाळं बंद करणे,
अकरा मनोरे, एकोणतीस संच,
वार्षिक बचत अमुक फ्रँक.
"सगळं उपग्रहावर आलंय, मादाम शापुई," थिबो म्हणाला,
"रेडिओ म्हणजे आता नुसती खरखर."
बरोबर होतं त्याचं. आकडेही बरोबर होते.
बाहेर बीझ सुटला होता, तळ्यावरून येणारा तो गार वारा,
आणि कारंजं बंद होतं.
वारा फार असला की ठेवतात बंद.

परिशिष्ट ब, मनुष्यबळाचा रकाना, एकच नाव:
इस्साखा दजिब्रीन, ऑपरेटर, आबेशे. सेवा तेवीस वर्षं.

त्या खोलीत मी बसलेली आहे.
सव्विसावं वर्ष, खांद्यावर केबलचं वेटोळं,
डोक्यावर पत्रा,
ऊन उतरलं की टिणटिण वाजणारा.
सातच्या ठोक्याला इस्साखा वही उघडायचा,
पेन्सिलीला टोक काढायचा (असलं तरी काढायचा)
आणि एकेका गावाला हाक मारायचा:
गेरेडा. फर्शाना. इरिबा. गोझ बैदा.
ओ आली की बरोबरची खूण.
नाही आली की पुन्हा हाक.
तिसऱ्या हाकेला तो आवाज चढवायचा नाही,
उलट खाली आणायचा,
निजलेल्या माणसाला उठवताना आणतात तसा.
त्यानंतरच फुली.

एकदा इरिबाची गाडी ओ देईना.
फुली मारायला त्याचा हात उचलेना.
आठ, दहा, बारा.
मी खुर्चीतच पेंगले. तो हाका मारत राहिला.
दीड वाजता खरखरीतून कोणीतरी म्हणालं,
"आहे. वाळूत रुतलोय. पण आहे."
इस्साखानं आधी वेळ लिहिली,
खूण केली,
मग चहा टाकला.

आज माझ्या हाताखाली चारशे माणसं आहेत.
दर तीस सेकंदांनी यंत्र यंत्राला हाक मारतं,
यंत्र ओ देतं, ठिपका हिरवा राहतो.
हे मी कुठे शिकले
ते कुठल्याच सादरीकरणात लिहिलेलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी थिबोला म्हटलं,
तिथला आवाज माझ्या खोलीत आणून दे.
त्याला वाटलं, काहीतरी चाचणी असेल.
हिवाळ्यात जिनीव्हाचं आणि आबेशेचं घड्याळ एकच असतं.
सात वाजले.

बहुतेकांनी संच आधीच जमा केले होते.
चौघांनी ओ दिली.
बाकीच्या गावांनाही त्यानं तीन-तीनदा हाक मारली,
घाई न करता, नेहमीसारखी.
मग थोडी शांतता.
मग: "सिएरा नऊ."

अठरा वर्षांत ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं.
माझं होतं ते.

जिनीव्हाहून कोणीतरी ऐकतंय
एवढं थिबोनं तिकडे कळवलं असणार.
कोण, ते इस्साखाचं इस्साखानं ओळखलं.

"सिएरा नऊ."
माझ्यासमोर बोलायचं बटण नव्हतं.
अर्जावर ऐकण्यापुरतीच परवानगी मागितली होती,
आणि मंजूरही मीच केली होती.
मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "आहे."
काचेवर वारा धडकत होता.

तिसरी हाक त्यानं हळू मारली.

दुसऱ्या दिवशी नकाशा सगळा हिरवा.
एका पाहुणीनं विचारलं, हिरवा म्हणजे नक्की काय?
मी म्हटलं, चालू.
इस्साखाला बॅटऱ्यांच्या गोदामात घेतलंय, तशी नोंद आहे.

महिन्यानं जुनं सामान आलं, त्यात ती वही.
यादीत तिचा क्रमांक नव्हता, म्हणून थिबोनं माझ्या टेबलावर ठेवली.
शेवटचं पान: चार खुणा, सात फुल्या.
खाली, वेगळ्या ओळीत, सिएरा नऊ.
पुढचा चौकोन
त्यानं मोकळा सोडलाय.