आढळले नाही

बारा वाजेपर्यंत चारशे पोळ्या व्हायच्या माझ्या
कर्वेनगरच्या पोळीभाजी केंद्रात, खिडकीकडच्या शेगडीवर.
कुणी काय सांगितलं, मला आजही ठाऊक नाही.
वहिनींनी आठवड्याचे पैसे पाकिटात घातले,
पाकीट ओट्यावर ठेवलं. हातात दिलं नाही.
"तूर्त माणसं जास्त झालीत गं."
चप्पल घालताना दिसलं,
कचऱ्याच्या डब्यातून माझं लाटणं डोकं काढून बघत होतं.
शिसवी. पाच वर्षांत मधे बारीक झालेलं.
त्याला काय झालं होतं?

गोळ्या फुकट असतात, हे सगळेच सांगतात.
गोळी फुकट, सोमवार फुकट नाही.
ससूनच्या बाकड्यावर गेलेला सोमवार
पिशव्यांच्या कारखान्यात पगारातून कापतात
आणि वर विचारतात,
"कितवी मावशी गेली म्हणायची ही?"
डॉक्टरीणबाई म्हणतात, अंडी खा, डाळी खा.
मी मान हलवते.
अंड्यांचा भाव त्यांनाही माहीत असणारच.
निघताना डबीत कापूस कोंबते,
चालताना वाजू नये म्हणून.

निराधारच्या यादीत नाव बघायला गेले.
कारकुनाने बोट वरून खाली नेलं,
पुन्हा खालून वर.
"आढळत नाही. आजाराचा दाखला जोडला होता का?
कुठला आजार?"
मागे रांग होती. रांगेत आमच्या दांडेकर पुलाजवळची दोघं.
म्हटलं, नंतर येते.
सासरच्या रेशनकार्डातही मी आढळत नाही;
तो गेला, त्याच्या तेराव्याच्या आधीच
दिरानं ते काम उरकून घेतलं होतं.

बाकड्यावरच्या आम्ही सात जणी.
हलीमा तांबोळीनं भिशी काढली, महिन्याला शंभर.
चिठ्ठ्या टाकत नाही आम्ही.
जिची नड मोठी, तिची उचल.
द्वारकानं पोराची फी भरली, मी खोलीचं थकलेलं भाडं.
एक पोरगा यायचा, हेल्मेट घालूनच बसायचा.
नाव पुकारलं तरी हेल्मेट तसंच.
घरोघर जेवण पोचवायचा. हप्ते थकले,
फायनान्सवाले गाडी उचलून घेऊन गेले,
हेल्मेट तेवढं राहिलं.
त्या महिन्याची उचल हलीमानं त्याच्या मांडीवर ठेवली.
"मी तर एक रुपया भरलेला नाही," तो म्हणाला.
"मग भर की पुढं. कुठं जातोस?"
त्यानं काच वर केली.
एवढंच. हेल्मेट काही काढलं नाही.

आणि आज कागद आला माझा.
समुपदेशक ताई बोट ठेवून वाचतात:
विषाणू आढळला नाही.
"बरा झालाय असं नाही हां, गोळी सोडायची नाही,"
त्या सांगत राहिल्या, मला माहीतच होतं,
पण मी पुन्हा वाचायला लावलं.
इतक्या कचेऱ्यांमधून ऐकलेला तोच शब्द,
आज मात्र उलटा घातलेला झगा
कुणी सुलटा करून द्यावा तसा.

बसचे पैसे वाचवून चालत निघाले.
रास्ता पेठ, मग बोहरी आळी,
ऊन होतं, पाय दुखत होते, हे खरंच आहे.
तुळशीबागेत थांबले.
चार लाटणी हातात फिरवून पाहिली.
त्यानं ऐंशी सांगितले, मी पन्नास म्हटलं,
साठावर मिटलं.
रविवारी हलीमाच्या ओट्यावर शेगडी लावायचं ठरतंय,
अजून नक्की नाही.
लाटणं चांगलं आहे. जड आहे.
मधे बारीक व्हायला वेळ लागेल.