माप

दातानं वादी ओढायची सवय
आईच्या मांडीला मांडी लावून बसले तेव्हापासूनची.
एका हातात आरी, एका हातात पट्टा,
तिसरा हात तोंडात.
सुभाषनगरात आम्ही सगळ्या बायका तीन हाताच्या.

एका सकाळी वादीवर लाल उमटलं.
बोट बघितलं, बोट कोरडं.
आरी लागली नव्हती.
वादी पुसली, पुढची वेणी घेतली.
दुखत नव्हतं ना.
न दुखणाऱ्याला घरात कोण विचारतं.

शेजारची फुलाबाई म्हणाली, बाभळीची साल चाव,
हिरड्याची पूड चोळ.
पटलं. कातडंही त्यातच कमावतात.
हिरड्या वरनं आवळून आल्या, चकचकीत.
आणि मशेरी होतीच दोन वेळा, तव्यावर काळी केलेली.
ती रक्त दाबून धरते
डागाळ कातडं रंगाखाली ढकलावं तसं.

मग वास.
गिऱ्हाईक मान वळवून भाव करायला लागलं.
पुढचे दोन दात एकमेकांवर रुसल्यागत फाकले.
वादी ओढली की एक दाढ
वादीबरोबर निघायला बघायची.
लई दिवस गेले असे. सहा वर्षं तरी.

राजारामपुरीत, जिना चढून, इंगवले डॉक्टरीण.
बारीक खुणांची सळी हिरडीत घालत
एकेका दाताला सहा जागी
आकडे बोलत होती, हाताखालची पोरगी लिहून घेत होती.
पाच. सात. सात. सहा. नऊ.
मला वाटलं ऑर्डर लिहितायत.
सात बायकांचा नंबर, नऊ गड्याचा.
माझ्या तोंडात अख्ख्या गल्लीची पायताणं.

म्हणाली, मावशी, हे मिलिमीटर.
तीनपर्यंत चालतं.
दात आणि हिरडीमधे कप्पे झालेत.
कप्पा तिचा शब्द. मी मनात म्हटलं, शिवण उसवलीय.
उसवलेल्या तळात चिखल शिरतो,
वाळतो, दगड होतो,
दगड उरलेली शिवण खातो.
हे आम्ही रोज बघतो, फक्त पायात.

फोटोत मुळं उघडी दिसली, हाड खाली सरकलेलं.
भरून येईल?
नाही. आहे तेवढं राखायचं.
खोटं बोलली नाही
म्हणून मंगळवारी परत गेले.

आधी साखर तपासली. वाढलेली.
मशेरी सोडली तर रक्त जास्तच यायला लागलं,
घाबरून फोन केला.
म्हणाली, येऊ दे, झाकण निघालंय.

चार मंगळवार.
सुईनं अर्धा जबडा परक्याचा व्हायचा
आणि आतून आवाज यायचा, ओळखीचा:
कातड्याची मांसाकडची बाजू तासताना रापीचा येतो तो.
डोळे मिटून मी तिचा हात ऐकला.
चांगला होता. जोर मनगटात, खांद्यात नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा सळी.
तीन. दोन. तीन. चार. तीन.
पोरगी लिहीत होती आणि माझ्या तोंडातली पायताणं
लहान होत गेली, बालवाडीच्या मापाची.
खालची ती दाढ तेवढी नऊवरच अडून बसली.
काढली.
मागितली तर पुडीत बांधून दिली.
वरनं धड.
मुळाला मात्र काळा खडा गच्च,
मी कुणाच्या पायताणाला असा ठेवला नसता.

आता थंड पाणी झोंबतं.
दातांमधल्या फटीत रात्री इवलासा ब्रश फिरवते,
बाटली धुवायचा असतो त्याचं पिल्लू.
तीन महिन्यांनी माप द्यायला जाते.
मशेरीच्या डब्यात गोंडे ठेवलेत.

वादी पकडीनं ओढते.
पकडीला चव नाही, वेणी सैल येते,
दुकानदार दोनदा बोलला.

सून अजून दातानंच ओढते.
तिच्या हातची जोडी झाली की
मी उंबऱ्यात नेऊन उजेडात धरते,
वेणीचा एकेक पेड उलटून बघते.
तिला वाटतं, सासू टाका तपासते.