दहातलं एक

गुरुवारी साडेसहाला मी शटर वर करतो.
फतेहगंजात, सायकलवाल्याच्या मागची खोली.
पंखा एक, तोही कुरकुरतो म्हणतात,
मला ऐकू येत नाही.
प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर काढली,
कान तिथेच राहिले.

पहिल्या दिवशी सगळे बायबल मांडीवर मिटून
माझ्याकडे बघत बसले,
रविवारी पाळकांकडे बघतात तसे,
आता ताट वाढून येईल म्हणून.
मी म्हटलं, इथे वाढपी नाही.
उतारा हातानं उतरवून काढा. पूर्ण, स्वल्पविरामासकट.
कोण बोलतंय, कुणाशी, कुठे उभं राहून.
कुठला शब्द फिरून फिरून येतो, त्याखाली रेघ.
जे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह,
आणि ते खोडायचं नाही, कुणी कितीही शहाण्यानं सांगितलं तरी.
मी सांगितलं तरी.

कारखान्यात उस्ताद म्हणायचा,
आधी माप, मग काप.
नव्या पोराची घाई पहिल्या कापात दिसते.
इथेही तेच. यश उजगरे, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला,
वाचून संपायच्या आधीच म्हणतो,
"म्हणजे देव आपल्याला सांगतो की..."
मी पेन्सिल आडवी धरतो.
थांब. देव पळून जात नाही.
आधी सांग, त्या घरात खोल्या किती?

"लिहिलंय कुठे?"

नाहीच लिहिलेलं. तेही लिही.

त्या गुरुवारी उतारा होता नाणं हरवलेल्या बाईचा.
दहा होती, एक गेलं.
यावर मी स्वतः कितीदा बोललोय,
अलकापुरीत, मकरपुऱ्यात, आणंदला एकदा भर मे महिन्यात.
दिवा म्हणजे अमुक, केरसुणी म्हणजे तमुक,
सगळं घासून गुळगुळीत केलेलं.
जुनी वही पिशवीत होती, तारखांसकट.
मी ती बाहेर काढली नाही.
हात मात्र पिशवीतच होता.

सलोमी भालेराव दाराशी बसते.
मांडवीतल्या दोन बँका झाडून येते.
शिकली गुजराती शाळेत, सातवीपर्यंत,
म्हणून तिच्या मराठीला वरची रेघ नसते,
अक्षरं दोरीवरून काढून ठेवलेल्या कपड्यांसारखी.
तिनं एकाच शब्दाखाली रेघ ओढली होती.
झाडणं.
पुढे प्रश्नचिन्ह.

"काका," ती मोठ्यानं बोलते, माझ्यासाठी,
"दिवा लावला तरी तिला ते दिसलं नसेल.
धूळ, त्यात नाणंही मळकं.
पण ती झाडत होती ना?
केरसुणीत पैसा आला की वाजतो.
फरशीवर खणकन, सारवणावर बद्द.
मला रोज सापडतो एखादा, काउंटरवर ठेवून येते.
तिला आधी ऐकू आलं असणार."

खोलीत कुणी काही म्हणालं असेल.
मला एवढंच दिसलं,
यशनं पेन्सिल खाली ठेवली.

मी विचारायला हवं होतं, लिहिलंय कुठे?
नियम माझाच.
पण जीभ उचलेना.
सलोमीनंच वहीत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं,
म्हणाली, "इथे लिहिलेलं नाही.
हे मी वेगळ्या पानावर ठेवते."

रात्री जेवणं झाल्यावर
मी खिशातला रुपया जमिनीवर टाकला.
काहीच नाही.
निसटला, गेला कुठेतरी, कपाटाखाली किंवा पलंगाखाली.
दीना आतून आली, हात ओले.
"काय पडलं?"
"कुठे पडलं ते सांग," मी म्हटलं. "बघायचं नाही."
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग मान थोडी कलती केली, डोळे मिटले.
"परत टाका."

मी दुसऱ्या रुपयासाठी खिसा चाचपला.