मुकादमाची पट्टी

मरोळ गावठाणात पास्कू मिरांडाच्या परसात
आता एक पपई, एक बुजवलेली विहीर
आणि टॉवरच्या पार्किंगची पाठ.
तिथे राहतो मुकादम.
नाव पास्कूनेच ठेवलेलं:
"सोता काय करत नाय, सगल्यांना उठवते."

मी समोर, दुसऱ्या मजल्यावर,
बाजाच्या पेट्या दुरुस्त करते.
पितळी सूर घासता घासता कान असा झालाय
की कुकरची शिट्टीही पट्टीत ऐकू येते.

पहिल्या वर्षी तो काळी दोनमध्ये आरवायचा.
चार तुकडे. तिसरा लांब,
चौथा खाली येणारा,
भरली बादली घेऊन जिना उतरावा तसा,
न सांडता.
त्याआधी म्हणे तो मुकाच होता.
थोरला कोंबडा असेतो त्याने चोच उघडली नाही.
थोरला नाताळात बाटली मसाल्यात गेला
आणि सव्वीस तारखेला ह्याला कंठ फुटला.

मग पार्किंगला पांढरे दिवे लागले.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तो आरवला. घाईत,
खोटं नाणं पुढे सरकवावं तसा.
दोनच तुकडे,
आणि थांबला, कुणी उत्तर देतंय का बघत.
कोण देणार? आसपास दुसरा कोंबडा नाही.
एक गाडी मागे येत होती, टीं टीं टीं.
तिलाच त्याने तिसरा तुकडा दिला.
चौथा गिळला.

महिनाभरात त्याची पट्टी चढली.
पांढरी पाच.
मी पेटी उघडून ताडून पाहिली:
गाडीचीच.

तक्रारीचा कागद फिरला तेव्हा
माझ्याकडे तीन पेट्या होत्या, परीक्षेच्या,
आणि चार रात्रींची झोप बाकी होती.
सही केली. अकरावी.
सभेत सेक्रेटरी ठोसर म्हणाले,
"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?"
सगळे हसले. मीही.

म्हण खरी आहे. उजाडतं.
झाकलेल्याचं पुढे काय झालं
ते म्हण विचारत नाही.

पास्कूने लेकाचा जुना मोजा कापला,
पट्टा करून मुकादमाच्या गळ्यात बांधला.
आता पहाटे तो मान ताणतो,
पंख झटकतो, सगळी तयारी करतो,
आणि येतो तो
भात्याला भोक पडलेल्या पेटीचा आवाज.
हवा येते. सूर येत नाही.

एकदा पास्कूने मला परसात बोलावलं.
"तू सुराची बाय. बघ की याला."
मांडीवर घेतला. वाटला होता त्याहून हलका.
पट्ट्याखाली बोट घातलं तर
गळा थरथरत होता, अजून न काढलेल्या
कुठल्यातरी सुराने, किंवा भीतीने.
बोटाला दोन्हींतला फरक कळत नाही.
पट्टा एक बोट सैल केला.
"लय घट्ट होता?" पास्कूने विचारलं.
"थोडा," मी म्हटलं.
सहीचं सांगितलं नाही.
त्याने पिशवीत दोन पपया घातल्या.

त्यानंतरही तो आरवला नाही.
आठ दिवस. नऊ.
ठोसरांनी लिफ्टमध्ये सांगितलं, छान झोप लागते.
मला दोन दहाला आपोआप जाग येते.

काल उठून पेटी खिडकीशी ओढली,
दिवा न लावता.
भाता हळू, अगदी हळू,
आणि काळी दोन.
एकदा. पुन्हा एकदा, जरा लांब.

खालून काहीतरी आलं.
तुटकं, बसक्या घशाचं.
गाडी असेल.
मी भाता तसाच धरून ठेवला,
बोट पट्टीवर,
हवा संपेपर्यंत.