फेस

जामनेर रोडच्या शोरूममध्ये एसी इतका
की लाद्यांनाच हुडहुडी भरावी.
बाहेर भुसावळ शेहेचाळीसवर.
बऱ्हाटे मॅडम कॅटलॉग उलटतात,
मी चपला दाराशी काढून उभा,
खिशात मापाची चिठ्ठी, घामाने मऊ.

चकाकी गेली आता, काउंटरवरचा मुलगा सांगतो.
आता मॅट. आता सांधा दिसायला नको,
आठ बाय चारची एकच लादी, भिंतभर.
कमोड भिंतीतून निघालेला, अधांतरी.
नळ काळे.
आणि वर ताटाएवढा शॉवर, पाऊस पाडणारा.

पाणी किती दिवसांनी येतं, हे मी विचारत नाही.
गच्चीवर दोन टाक्या, अंगणात एक,
त्यांनाही ठाऊक, मलाही.
आणि बोअरचं पाणी असं
की काळा नळ दोन महिन्यांत पिकतो,
आधी कानाजवळून, माणसासारखा.

मग मुलगा आवाज खाली आणतो:
हे बघा, पुण्यात सध्या हेच चाललंय.
पांढऱ्यावर करडे, विटकरी, हिरवे खडे.
टेराझो, तो म्हणतो.
मोझॅक, मी म्हणतो.
नाही हो काका, मोझॅक जुनं झालं.

एका डब्यात चार फेस येतात.
म्हणजे चार चेहरे; पाचवी लादी पहिलीची जुळी.
फेस म्हटलं की मला साबण आठवतो,
पण माझं पोट यावरच आहे:
ही फिरवून लाव, ती उलटी लाव,
जुळ्यांची गाठ पडू देऊ नकोस.

जुनी न्हाणी फोडायला तीन दिवस लागले.
इरफानचं ग्राइंडर दोनदा तापून बंद पडलं.
मोरीच्या तोंडाशी, खड्यांमध्ये,
हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला,
नखाएवढा, घासून घासून सपाट.
मी तो खिशात टाकला, चिठ्ठीसोबत.

बाप माझा बारकू मिस्त्री,
चाळीस वर्षं उकिडवा बसून मोझॅक घासलं,
एक नंबरचा दगड, दोन नंबरचा, मग ऑक्झॅलिक.
रेशनच्या मशीनला आता त्याचा अंगठा सापडत नाही.
दुकानदार म्हणतो, पुसा. तो पुसतो.
पुन्हा पुसतो.

त्याच्या तळहातावर तुकडा ठेवला.
मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल,
कुणाची बांगडी, कुठलं साल.
त्याने उजेडात धरला, परत दिला.
"त्या टाईमले समदाच टाकेत."
मग नव्या लादीचा नमुना मागून घेतला,
त्यावरून तोच अंगठा फिरवला, सावकाश,
एकदा आडवा, एकदा उभा.
"खडा लागत नही," म्हणाला,
आणि चहाकडे वळला.

काम संपलं त्या दिवशी नेमकं नळाला पाणी होतं.
मॅडमनी कॉक फिरवला
आणि लगेच ओरडल्या, थांबा, थांबा,
धावत जाऊन बादली आणली.
आम्ही तिघं बघत उभे,
ताटाएवढा पाऊस
एका लाल बादलीत पडताना.
अर्धा बाहेर गेला.

दारामागे, खालून दुसऱ्या ओळीत
दोन जुळ्या लाद्या शेजारी बसल्यात.
तोच विटकरी खडा, तोच बाजूचा हिरवा.
इरफान म्हणाला, काढू का?
सिमेंट धरलं होतं.
दार उघडं असलं तर दिसत नाही.