लाभार्थींची संख्या

प्रश्न पहिला: तुमची संस्था काय करते? दीडशे शब्दांत.

आम्ही एक गाडी चालवतो.
एवढं लिहिलं आणि
एकशे शेहेचाळीस शब्द शिल्लक राहिले.

टेगवेन म्हणाली, जरा फुलवून लिही, मॉर्विड,
शाळेच्या कचेरीत तीस वर्षं काढलीस ना?
मग लिहिलं:
पहाटे पाच चाळीसला इथेल गाडी काढतो
चॅपेलच्या उतारावरून,
कारण सपाटीवर ती सुरूच होत नाही.
सरकता दरवाजा आधी उचलावा लागतो, मग लाथ.
दरीच्या या टोकापासून एकोणीस मैलांवर
रक्त धुऊन देणारं यंत्र आहे.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
आधी खाण बंद झाली, मग बेकरी, मग बस.
यंत्राला ते कुणी कळवलं नाही.

टेगवेननं चष्मा कपाळावर चढवला.
लाथ काढून टाक, म्हणाली.
यंत्राचं वाक्यही.
मी लाथ काढली.

प्रश्न चौथा: तुमच्या कामामुळे झालेला बदल कसा मोजाल?

रात्री साडेअकरापर्यंत मी या चौकटीसमोर बसले होते.
चहावर साय धरली.
सकाळी गेलेली माणसं दुपारी परत येतात, हे मोजता येईल.
येताना जरा पिवळी, जरा गप्प,
ग्वेनलियनचं शब्दकोडं अर्धवट,
पण परत येतात.
काहीच न बदलणं, यासाठीच तर आम्ही
आठवड्याला तीनदा डिझेल जाळतो.
हे कुठल्या चौकटीत बसवायचं?
तिथं फक्त टक्के लिहिता येत होते.
मी शंभर लिहिलं.

अर्जाची मुदत शुक्रवारी दुपारी बारा.
गुरुवारी रात्री फोन आला:
अनायरिन प्रॉबर्ट.
ड्रायव्हरच्या मागची जागा, पेपरमिंटचा पत्र्याचा डबा,
प्रत्येक वळणावर इथेलला गिअर सांगायची सवय.

फोन ठेवला. थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिले.
मग पुन्हा अर्ज उघडला
आणि लाभार्थींच्या संख्येत
अकराचे दहा केले.
लगेच खालची चौकट आपली आपण बदलली,
माणशी खर्च वाढला, आकडा लाल झाला.
एक माणूस कमी झाला की
उरलेले महाग होतात,
हे मला त्या रात्री एका तक्त्यानं शिकवलं.

लाल आकड्यासकटच पाठवला.
अकरा छप्पन्नला.

महिन्याभरानं कार्डिफहून एका तरुणाचा फोन.
गोड आवाज, घाई नाही, मागं कुत्रं भुंकत होतं.
म्हणाला, काम उत्तमच आहे तुमचं,
पण निधी नव्या उपक्रमांसाठी आहे.
तुमच्याकडे नवीन असं काय?
मी रिसीव्हरवर हात ठेवून इथेलला विचारलं.
टायर लागतील, तो म्हणाला.

पत्र जूनमध्ये आलं.
मागितलं त्याच्या एक तृतीयांश.
डिझेल वगळून. पगार वगळून
(पगार कुणाला होता?).
मात्र निधीचं बोधचिन्ह गाडीवर
ठळक दिसेल असं लावणं बंधनकारक,
दोन फुटांपेक्षा लहान चालणार नाही.

टायर आले.
इथेलनं चिन्ह दरवाजावरच चिकटवलं,
दुसरीकडे सगळीकडे गंज आहे.
टेगवेननं ओल्या फडक्यानं बुडबुडे काढले
आणि लांब उभी राहून म्हणाली,
वाकडं लागलंय.

सोमवारी थांब्यावर एक नवी बाई उभी होती,
वरच्या गल्लीतली, सेरिडवेन की काय,
हातात पिशवी, पिशवीत उशी.
दार ओढत राहिली. हलेना.
अंधार होता, वाफ होती,
आत दहा माणसं झोपेला आलेली.
कुणीतरी काच खाली केली
आणि मग सगळेच एकदम बोलले:
आधी उचल, बाई.
मग त्या रंगीत चिन्हावर, हो, तिथंच,
लाथ.