भिंत आमची म्हणायची

दिवाळीपुऱ्यात, नव्या कोर्टाच्या फाटकासमोर
झेरॉक्सच्या दुकानात माझं टेबल आहे.
मराठी, गुजराती आत; इंग्रजी बाहेर.
पानाला साठ रुपये, शिक्क्याचे वेगळे.

इंग्रजीत क्रियापद आधी येतं,
काळा कोट घालून उभं राहतं
आणि सांगतं, मागून कोण येतंय ते.
ॲडमिट म्हटलं की वाक्य मान खाली घालून येतं.
क्लेम म्हटलं की छाती काढून.
डिनाय म्हटलं तरी वस्तू येतेच,
फक्त तिच्याकडे कोणी बघत नाही.

आपलं उलटं.
आपण आधी सगळं बोलून टाकतो,
घर माझं, चूक माझी, पोरगं माझं,
आणि पाणी पिऊन झाल्यावर ठरवतो
असं मी मानतो
की असं लोक म्हणतात.

दांडिया बाजारातली एक भिंत मी अकरा वर्षं टाइप करतेय.
इकडे मोहिते, तिकडे खानविलकर.
दोघांच्याही फायली माझ्याकडेच, दुकान स्वस्त म्हणून.
मोहिते क्लेम करतात की भिंत त्यांची.
खानविलकर क्लेम करतात की भिंत त्यांची,
खिळ्यांसकट, फटीतल्या पिंपळासकट.
नऊ इंच जाडी.
तो 'की' मी इतक्यांदा 'दॅट' केला
की कीबोर्डावरचा टी पार पुसला गेलाय.

गेल्या भाद्रपदात, भर दुपारी, पाऊस नसताना
भिंत पडली.
मोहित्यांकडे नाही, खानविलकरांकडे नाही,
गल्लीच्या तोंडाला, खुशालभाईच्या इस्त्रीच्या लारीवर.
पाय दोन ठिकाणी मोडला. निखारे रस्ताभर.
कोणाच्या तरी शालूला रुपयाएवढं भोक.

सोमवारी दोघेही हजर.
मोहिते डिनाय करतात की भिंत त्यांची.
खानविलकर डिनाय करतात की भिंत त्यांची
आहे, होती, वा कधी असू शकेल.
मी जुनीच फाईल उघडली,
एक क्रियापद बदललं.
पैसे पूर्ण पानाचे घेतले.

बुधवारी मोहित्यांची थोरली वहिनी आली, सगुणाबाई.
सत्तरीच्या पुढची. हातात रिकामा डबा.
सयाजी हॉस्पिटलातून थेट इकडेच.
'माझंही लिहून घ्या,' म्हणाली,
'भिंत आमची म्हणायची.'

म्हणजे? तुमची आहे?

'म्हणायची.
आमच्याच मोरीचं पाणी मुरत होतं तिच्यात.
मला ओल दिसायची. मी कॅलेंडर लावलं त्यावर.
मग कोणाची म्हणायची?'

मी ॲडमिट लिहिलं. खोडलं.
तो पकडून आणलेल्याचा शब्द,
ही तर रिक्षाचे पैसे देऊन आलेली.
ॲक्नॉलेज लिहिलं. तो बँकेचा, पोचपावतीचा.
मग ओन.
ओनच्या मागे अप लावलं तर कबुली,
काढलं तर मालकी.
त्या दोन अक्षरांवरून अकरा वर्षं कोर्ट चाललं
आणि बाईने दोन्ही एका श्वासात म्हटलं होतं,
वर थोडं 'दुसरं काय' पण होतं त्यात.
त्याला इंग्रजीत जागा नाही.
गुजरातीत असेल. मी शोधलं नाही.

पानाच्या तळाशी नेहमीची ओळ:
मी प्रमाणित करते की वरील भाषांतर खरं आहे.
खाली माझं नाव.
आजवर ती न वाचता छापत आले.
हे क्रियापदही ओळीच्या पुढे उभं असतं, कोट घालून,
आणि मागून मीच येत असते,
हे दिसलं नव्हतं.

'झालं, की राहिलंय?' बाईने विचारलं.
एक शब्द राहिलाय, म्हटलं.
'मग राहू द्या तो,' ती डबा उचलत म्हणाली,
'मला पाचच्या आत परत पोचायचंय,
नंतर वॉर्डात सोडत नाहीत. सही कुठे?'

रिकाम्या जागेच्या खाली
मी बोट ठेवलं.